‘समजलं का?’ ‘हो.’

आमच्या सोसायटीच्या मागच्या बाजूला एक छोटा हॉल आहे, एरवी तिथे गणपतीचं सामान आणि मोडक्या खुर्च्या पडलेल्या असतात, आणि आठवड्यातून तीन दिवस रात्री सव्वाआठ ते साडेनऊ आम्ही तिघीजणी तिथे मोठ्या बायकांना लिहायला-वाचायला शिकवतो. मोठ्या म्हणजे पस्तीसपासून साठीपर्यंतच्या. बहुतेक जणी आसपासच्या बिल्डिंगांमध्ये स्वयंपाकाला नाहीतर धुण्याभांड्याला येणाऱ्या, एक भाजी विकते, एकीचा नवरा आमचा वॉचमन. सरकारदरबारी आमची नोंद वगैरे काही नाही, हौसेचा मामला आहे. पण वरचा तो ‘हो’ खरा आहे की नाही हे शिकणाऱ्याचं शिकणाऱ्यालाच कळणं किती मोठी गोष्ट आहे, ते मला याच हॉलमध्ये कळलं.

पहिले दोन महिने मी भलतीच खुशीत होते. फळ्यावर पाच शब्द लिहायचे, मी वाचून दाखवायचं, त्यांनी माझ्यामागून म्हणायचं, मग वहीत उतरवायचं, आणि अक्षर असं वळणदार की घरी नेऊन माझ्या मुलाला दाखवावं. शेवटी मी विचारायचे, समजलं का? सगळ्या एका सुरात, हो. झालं, गाडी पुढे.

मग एका दिवशी माझ्या जोडीला शिकवणाऱ्या ताईंनी फळा पुसून तेच पाच शब्द खालून वर लिहिले. पहिला शब्द ‘बस’ होता तिथे ‘पाणी’ आला. आणि लातूरकडच्या एक मावशी आहेत, वर्गातल्या सगळ्यात हुशार, त्या छडीचं टोक ‘पाणी’वर असताना खणखणीत आवाजात ‘बस’ म्हणाल्या. बाकीच्यांनी पण ‘बस’च म्हटलं. म्हणजे दोन महिने कोणी वाचतच नव्हतं, कुठल्या ओळीला कुठला शब्द एवढं पाठ होत होतं. मला आधी हसू आलं आणि मग पोटात गोळा आला. मी जरा चिडूनच विचारलं, अहो मग रोज हो का म्हणता? तर मावशी म्हणाल्या, “तुम्ही एवढा घसा फोडून सांगताय, नाही कसं म्हणायचं? आणि खरं सांगू का ताई, मला वाटलं होतं येतंय म्हणून.”

यातला पहिला भाग आपल्याला माहीत असतो. शिकवणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून माणसं मान डोलावतात, त्यात लाज असते, भीड असते. पण दुसरा भाग, “मला वाटलं होतं येतंय”, हा माझ्या डोक्यातून जाईना. आपल्याला काय येतं आणि काय येत नाही हे आपलं आपल्याला कळणं ही वेगळीच गोष्ट आहे, आणि ती आपोआप येत नाही, आणि आपल्याकडच्या प्रौढ शिक्षणात तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही असं माझं म्हणणं आहे. मानसशास्त्रवाले याला मेटाकॉग्निशन म्हणतात, जॉन फ्लेवेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकात हा शब्द रूढ केला. बीएडच्या पुस्तकात त्याला जे जड मराठी नाव आहे ते मी इथे मुद्दाम टाकत नाही, कारण ते वाचलं की माणूस लेख बंद करतो. साधं सांगायचं तर शिकताना स्वतःवर एक डोळा ठेवणं. मी आत्ता काय करतेय, हे मला खरंच कळलंय की कळल्यासारखं वाटतंय, आणि अडलं तर आता दुसरं काय करून बघू, एवढंच.

आणि हे काही निरक्षर बायकांचंच आहे असं कोणी समजू नये. आमच्याकडे दहावीला बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरलेल्या दोन मुली पण येतात, एक बावीसची, एक एकोणतीसची. त्यांची पद्धत म्हणजे गाईड घ्यायचं, हायलायटरने अख्खं पान पिवळं करायचं आणि तेच पान पुन्हा पुन्हा वाचायचं. सात वेळा वाचलं म्हणजे झालंच. यावर एक प्रसिद्ध प्रयोग आहे, रोडिगर आणि कार्पिक या दोघा मानसशास्त्रज्ञांचा, २००६ सालचा, अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांवर केलेला. एका गटाने उतारा परत वाचला, दुसऱ्या गटाने उतारा बंद करून आठवेल ते कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. पण आठवड्याने घेतली तेव्हा उलटं, परत वाचणारे ४२ वर आले आणि आठवून लिहिणारे ५६ वर. आणि गंमत म्हणजे त्याच प्रयोगाच्या पुढच्या टप्प्यात आठवड्यानंतर किती लक्षात राहील असं मुलांना आधीच विचारलं होतं, तर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांचा भरवसा सगळ्यात जास्त. म्हणजे कॉलेजात शिकणाऱ्या पोरांनासुद्धा आपली कुठली मेहनत फुकट जातेय ते कळत नाही. मी स्वतः एमकॉम आहे आणि सगळं शिक्षण पान पिवळं करूनच केलंय, त्यामुळे त्या मुलींना बोलायला मला तोंड नाही.

आता याची दुसरी बाजू, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. या बायकांकडे ही नजर नसते असं मुळीच नाही, उलट त्यांच्या कामात ती माझ्यापेक्षा कितीतरी तल्लख असते. त्याच लातूरच्या मावशी एकदा गप्पांत सांगत होत्या, घरी अजून तीन एकर आहे, सोयाबीन घेतात. घरचं बियाणं पेरायच्या आधी त्या काय करतात, गोणपाट भिजवायचं, त्यावर शंभर दाणे मोजून मांडायचे, दहाच्या दहा ओळी, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं आणि सहा-सात दिवसांनी उघडून मोजायचं किती उगवले. सत्तर किंवा वर आले तर बियाणं चांगलं, साठ-पासष्ट आले तर एकरी बी वाढवायचं, त्याच्याही खाली गेलं तर ते बी पेरायच्या भानगडीत पडायचं नाही. कृषी खातंही दर उन्हाळ्यात हेच सांगत फिरतं. मी विचारलं, दाणा बघून कळत नाही का चांगला आहे ते? तर म्हणाल्या, “दिसायला सगळेच चांगले दिसतात.”

दिसायला सगळेच चांगले दिसतात! अहो हाच तर सगळा सिद्धांत आहे. जी बाई डोळ्यांवर विश्वास न ठेवता शंभर दाणे उगवून बघते, तीच बाई वर्गात आली की पाच शब्द उतरवून ‘हो, आलं’ म्हणते. का? कारण वर्ग म्हटला की तिच्या डोक्यात एकच चित्र आहे, बाई सांगणार आणि आपण गिरवणार, चुकलं तर हसू होणार. आपली सगळी पारख ती चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवते. आणि आम्ही शिकवणारे पण तिला तसंच करायला लावतो, पन्नाशीच्या बाईला ‘शाब्बास’ म्हणून वहीत स्टार काढून देतो, मी दिलेत.

भाकरी घ्या. तवा तापलाय का ते पाण्याचा थेंब टाकून बघणं, पिठाला चिरा पडतायत म्हणजे पाणी कमी की पीठ जुनं याचा अंदाज, एक भाकरी बिघडली तर पुढचीला काय बदलायचं. यात आधी ठरवणं आलं, करताना बघणं आलं आणि झाल्यावर तपासणं पण आलं. नवीन काही शिकवायचं नाहीये, तव्याजवळची नजर वहीजवळ आणायची आहे, एवढंच काम आहे आणि ते अवघड आहे.

सरकारी पातळीवर काय चाललंय तेही बघू. देशात सध्या ‘उल्लास’ नावाचा नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे, २०२२ ते २०२७ असा, १०३७.९० कोटींचा, पंधरा वर्षं आणि त्यावरच्या निरक्षरांसाठी. त्यात पाच घटक आहेत, पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान, जीवनकौशल्यं, व्यावसायिक कौशल्यं, मूलभूत शिक्षण, निरंतर शिक्षण. कागदावर झकास. शिकवायला स्वयंसेवक, बिनपगारी. शेवटी एक चाचणी, १५० मार्कांची, वाचन ५०, लेखन ५०, गणित ५०, प्रत्येकात १७ मिळाले की पास आणि सर्टिफिकेट. आपल्याकडे मार्च २०२४ मध्ये राज्यभर ही परीक्षा झाली तेव्हा नातवाचा हात धरून परीक्षेला आलेल्या आज्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिले असतील. मला ते फोटो आवडले होते, खोटं कशाला बोलू. शेजारी गोव्याने तर ३० मे २०२५ ला, घटकराज्य दिनी, पूर्ण साक्षर राज्य म्हणून घोषणा करून टाकली.

माझा या कशालाच विरोध नाही. पण १७ मार्कांचं सर्टिफिकेट हातात आल्यावर त्या आजी घरी जातात, वही कपाटात जाते आणि वर्षभरात आलेलं विसरायला होतं. हे साक्षरतेत काम करणाऱ्या कोणालाही विचारा, शिकलेलं टिकत नाही ही सगळ्यात जुनी रड आहे. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता अभियान सुरू झालं तेव्हापासून ती ऐकू येते. आणि उपाय काय सुचवला जातो, तर अजून पुस्तिका, अजून वर्ग, म्हणजे कोणीतरी परत येऊन शिकवायचं. पण जिला वर्ग संपल्यावर स्वतःचं स्वतः पुढे शिकता येत नाही, जिला हे कळत नाही की मला जोडाक्षरं येत नाहीत म्हणून मी अडतेय आणि बाकी सगळं येतंय, तिच्यासाठी वर्ग बंद म्हणजे शिक्षण बंद. तिला एवढंच वाटतं की मला वाचता येत नाही बाई, आमच्या नशिबातच नाही ते.

पास होण्याच्या पलीकडचं एक उदाहरण देते, कारण मला वाटतं खरी किंमत तिथे कळते. फोनवरून पैसे पाठवायचं आता सगळ्यांना शिकवतात, बचत गटात शिकवतात, आमच्याकडे पण आम्ही शिकवलं. आमच्यातल्या भाजीवाल्या काकूंना क्यूआर कोड, बॅलन्स बघणं, पिन सगळं येतं, परीक्षा घेतली असती तर पैकीच्या पैकी. एका दुपारी त्यांना फोन आला, तुमच्या नावाने अडीच हजार आलेत, रिक्वेस्ट पाठवलीय, तेवढा पिन टाका. पैसे यायला पिन कधीच लागत नाही हे त्यांना मी स्वतः शिकवलं होतं आणि त्यांनी ते मला परत म्हणूनही दाखवलं होतं. तरी त्यांनी पिन टाकला, कारण गिऱ्हाईक समोर उभं होतं, फोनवरचा माणूस घाई करत होता आणि आवाज अगदी बँकेतल्यासारखा गोड. गेले अडीच हजार. माहिती होती. त्या क्षणाला “थांब, मी हे का करतेय” एवढं स्वतःला विचारायची सवय नव्हती. ऑनलाइन फसवणुकीची तक्रार करायचा १९३० नंबर फळ्यावर लिहून दिला म्हणजे ही सवय लागत नाही, तो नंबर पैसे गेल्यावरचा आहे. आता आम्ही काय करतो, एकजण ठग बनते आणि वर्गातच खोटे फोन करते, आणि समोरचीने काही करायच्या आधी मोठ्याने बोलायचं की माझ्याकडून हा काय मागतोय आणि मला घाई का होतेय. हसून हसून पुरेवाट होते पण चार वेळा झाल्यावर पाचव्या वेळी काकू फोनवर म्हणाल्या, “थांबा, मला घाई होतेय म्हणजे काहीतरी गडबड आहे.” मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

वाचनाच्या वर्गात आम्ही ‘समजलं का’ हा प्रश्नच बंद केला. त्याऐवजी, उद्या सुनेला हे कसं सांगाल? म्हणजे सांगायला लागलं की कुठे तोंड बंद होतं ते तिचं तिलाच कळतं, मी सांगावं लागत नाही. आणि एक बोटांचा खेळ सुरू केला, तो जरा नीट सांगते. पाच नवे शब्द झाकून ठेवायचे, कुठल्या अक्षरांचे आहेत तेवढं सांगायचं आणि प्रत्येकीने आधी बोटं दाखवायची, यातले किती वाचता येतील. मग शब्द उघडायचे, वाचायचे, बोटं आणि खरे आकडे शेजारी-शेजारी लिहायचे. पहिल्या दिवशी या वाचायला शिकणाऱ्यांतल्या सगळ्यात तरुण बाईने पाची बोटं दाखवली आणि दोन वाचले. पण मला हादरा बसला तो दुसऱ्या टोकाला, चौघींनी एक किंवा दोन बोटं दाखवली आणि चार-चार शब्द वाचले. एकीने तर मूठच वर केली, शून्य, आणि तीन वाचले, आणि वाचून झाल्यावर म्हणे ते चुकून आले.

हे फारसं कोणी बोलत नाही. स्वतःचा अंदाज चुकणं म्हटलं की आपल्याला फुगलेला माणूस दिसतो, अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला. पण ज्या बाईला आयुष्यभर ‘तुला काय कळतंय’ ऐकवलंय तिचा अंदाज खालच्या बाजूला चुकतो, आणि त्याचं नुकसान तेवढंच आहे, कारण येत असूनही ती बँकेतला फॉर्म दुसऱ्याच्या हातात देते आणि बसची पाटी वाचता येत असूनही शेजारणीला विचारते. तिला ‘तुम्हाला येतं हो’ असं शंभर वेळा सांगून फरक पडत नाही, मी सांगून बघितलंय. आपली दोन बोटं आणि आपले चार शब्द वहीत शेजारी दिसले, आणि असं दहा दिवस दिसलं, की पडतो.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा, अहो आधी बाराखडी तर येऊ दे, मग विचारांवर विचार करायला शिकवा. ऐकायला बरोबर वाटतं, पण गोणपाटावरचे दाणे आठवा, पेरून झाल्यावर कोणी उगवण तपासत नाही. गिरवायची सवय एकदा पक्की झाली की ती मोडायला दुप्पट वेळ जातो, आमचे दोन महिने असेच गेले. दुसरा आक्षेप वेळेचा, आणि तो खरा आहे. सव्वातास असतो, त्यात निम्म्या जणी उशिरा येतात कारण शेवटच्या घरचा कुकर झालेला नसतो, आणि दिवसभर पाच घरची कामं करून आलेल्या बाईने स्वतःच्या शिकण्याचं निरीक्षण करावं ही अपेक्षा कधीकधी मलाच क्रूर वाटते. ठाणे जिल्ह्यात मुरबाडजवळच्या फांगणे गावात २०१६ च्या महिला दिनाला आजीबाईंची शाळा सुरू झाली, तिथे वर्ग दुपारी ठेवला, आज्यांची कामं आटोपल्यावर. महात्मा फुल्यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-कामगारांसाठी वर्ग काढला तो रात्रीचा, कारण त्यांना रात्रीच वेळ होता. म्हणजे वेळेचं बघणं ही शिकवणाऱ्याची जबाबदारी आहे, ती झटकून ‘तुम्हीच नीट लक्ष देत नाही’ म्हणायला मेटाकॉग्निशनचा आधार घेतला तर तो चक्क लबाडपणा होईल. ही भीती मला खरंच आहे. शिकणाऱ्याने स्वतःवर डोळा ठेवावा याचा अर्थ सगळा दोष शिकणाऱ्याचा असा लावायला आपल्याकडे वेळ लागत नाही.

तिसरा, अभ्यासू लोकांचा, की याचा जो पुरावा आहे तो बहुतेक शाळा-कॉलेजातल्या मुलांवरचा आहे, रात्री नऊला जांभया देणाऱ्या बायकांवरचा नाही. मान्य. इंग्लंडमध्ये शिक्षणावरच्या संशोधनाचा ताळेबंद मांडणारी एक संस्था शिकण्याच्या या पद्धतीला वर्षाकाठी सात-आठ महिन्यांची जादा प्रगती देते, पण तो हिशोब शाळेतल्या मुलांचा आहे आणि तोच आमच्या हॉलला चिकटवणं बरोबर नाही. माझ्याकडे आकडे नाहीत, बारा बायका आहेत. पण यात खर्च शून्य आहे, पुस्तक लागत नाही आणि करून बघायला दहा मिनिटं लागतात, त्यामुळे पुराव्याची वाट बघत बसायचं कारण मला दिसत नाही.

माझी खरी धास्ती वेगळीच आहे. उद्या कोणाला तरी हे पटेल आणि त्याचा जीआर निघेल. मग एक मॉड्यूल येईल, स्वयंसेवकांना व्हॉट्सॲपवर पीडीएफ येईल, अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग होईल ज्यात प्रोजेक्टरवर चाळीस स्लाईड वाचून दाखवतील आणि शेवटी विचारतील, समजलं का? सगळे म्हणतील, हो. आणि रजिस्टरमध्ये एक नवा रकाना येईल, स्वतःच्या शिकण्याविषयी जाणीव झाली, हो किंवा नाही, आणि महिनाअखेरीला सगळीकडे हो. म्हणून माझं मागणं अगदी छोटं आहे. वेगळा विषय नको, धडा नको. जी पुस्तिका आहे तीच ठेवा, प्रत्येक पानाच्या खाली दोन रिकाम्या ओळी द्या आणि त्यावर फक्त ‘अडलं कुठे’ एवढं छापा. आणि स्वयंसेवकाला सांगा की त्या ओळी कोऱ्या राहिल्या तर वर्ग चांगला चाललाय असं समजू नकोस.

आमच्याकडे ते वहीच्या शेवटच्या पानावर चालतं. वर ‘अडलंय’ लिहिलेलं असतं आणि खाली ज्याचं त्याचं. लातूरच्या मावशींच्या पानावर सध्या ‘क्ष’ आहे, ‘र’ चे सगळे प्रकार आहेत आणि एक ओळ आहे, “बातमी वाचते पण शेवटी येईस्तोर सुरवात विसरते.” ही ओळ वाचून मी दोन दिवस विचार करत होते, कारण एवढं नेमकं दुखणं मला परीक्षा घेऊनही सापडलं नसतं. आता त्या प्रत्येक दोन ओळींनंतर थांबून, वर न बघता, काय झालं ते पुटपुटतात आणि मग पुढे जातात. ही युक्ती त्यांची, मी सुचवलेली नाही.

गेल्या महिन्यात त्यांनीच मला विचारलं, ताई तुमचं ‘अडलंय’चं पान कुठाय? मी हसले, म्हटलं मी शिकवते, मला कसलं पान. मग घरी येऊन जरा लाज वाटली आणि पुढच्या वर्गात विचारलं, माझं काय चुकतं सांगा. कोणी बोलेना. बऱ्याच वेळाने भाजीवाल्या काकू म्हणाल्या, “तुम्ही लिहिता तेव्हा तोंड फळ्याकडे असतंय, तुम्ही काय म्हणता आणि कुठलं अक्षर काढता ते एकदम दिसतच नाही.” अडीच वर्षं मी त्यांच्याकडे पाठ करून शिकवतेय. आता बाजूला उभं राहून, हात लांब करून लिहिते, अक्षर तिरकं येतं आणि खांदा दुखतो.